अणुवीज आणि देशाची ऊर्जासुरक्षा : तारापूरच्या शेजारी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालघर-बोईसर पट्ट्यातल्या शाळा-महाविद्यालयांत विजेविषयी बोलायला गेलो की ठरावीक प्रश्न येतातच. काही विद्यार्थ्यांचे असतात, काही त्यांच्या आईवडिलांचे, तर काही मागच्या बाकावर बसलेल्या आजोबांचे. तारापूरच्या अणुवीज प्रकल्पासाठी गाव सोडावे लागलेली माणसेही त्यांत असतात. तीच उत्तरे इथे सविस्तर लिहून ठेवली आहेत. मी अणुविजेच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगतो.

ऊर्जासुरक्षा म्हणजे भरपूर वीज, एवढेच ना?

नाही. भरपूर वीज आज असते आणि उद्या नसतेही. उद्या कोणी पुरवठा तोडला, एखादी वाट बंद पडली, भाव तिप्पट झाला, तर आपले दिवे किती दिवस चालतील, हा ऊर्जासुरक्षेचा प्रश्न आहे. एप्रिल २०२२ आठवा. उन्हाळा लवकर तापला, मागणी वाढली आणि औष्णिक केंद्रांतले कोळशाचे ढीग उतरणीला लागले. कोळशाच्या रेकना वाट मिळावी म्हणून रेल्वेला प्रवासी गाड्या रद्द कराव्या लागल्या. देशात कोळसा नव्हता असे नाही. जमिनीखाली तो भरपूर होता, पण जिथे हवा तिथे वेळेवर पोहोचत नव्हता. साठा किती, तो कुठे आहे आणि त्याची चावी कोणाकडे आहे, या तीन गोष्टी मेगावॉटच्या आकड्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

मग अणुइंधनाचे वेगळेपण कशात?

वजनात. थोडा हिशोब करू. ७०० मेगावॉटची एक अणुभट्टी वर्षभर नीट चालली तर साधारण ५५० कोटी युनिट वीज देते. तेवढीच वीज कोळशातून काढायची तर ढोबळमानाने ३५ लाख टन कोळसा जाळावा लागतो. एका रेकमध्ये सुमारे ४ हजार टन धरले तर वर्षाला जवळपास ९०० रेक झाल्या, म्हणजे रोज दोन-तीन मालगाड्या. त्यांत पावसाळ्याची सुटी नाही आणि संपाची सवलतही नाही.

हीच भट्टी नैसर्गिक युरेनियमवर चालवली तर वर्षाला शंभर-सव्वाशे टन इंधन पुरते. युरेनियम इतके जड असते की एवढा साठा एका लहानशा गोदामात मावतो. पाच वर्षांचा कोळसा साठवणे कोणत्याही देशाला जमणार नाही. त्याला जागा पुरणार नाही, तो उन्हात आपोआप पेटेल आणि पावसात भिजेल. पाच वर्षांचे युरेनियम मात्र कुलूप लावून ठेवता येते. अणुविजेची बाजू मांडताना लोक प्रदूषणाबद्दल बोलतात आणि ते खरेच आहे, पण माझ्या लेखी पहिला मुद्दा या कुलपातल्या साठ्याचा आहे.

पण युरेनियमही बाहेरूनच आणतो ना? मग तेलात आणि त्यात फरक काय राहिला?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी नेहमी शाबासकी देतो, कारण याचे उत्तर आपल्या शेजारीच घडले आहे.

तारापूरचे पहिले दोन संच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारले. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्यांतून व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. या भट्ट्यांना संवर्धित युरेनियम लागते, म्हणजे ज्यात युरेनियम-२३५चे प्रमाण मुद्दाम वाढवले आहे असे. ते आपण त्या वेळी बनवत नव्हतो. १९६३च्या कराराने अमेरिकेने तीस वर्षे इंधन पुरवायचे कबूल केले होते. कागद पक्का होता.

मे १९७४ मध्ये पोखरणला अणुस्फोट चाचणी झाली. १९७८ मध्ये अमेरिकेने स्वतःचा कायदा बदलला आणि तारापूरचे इंधन अडले. महाराष्ट्र आणि गुजरात ज्या विजेवर अवलंबून होते ती कशी चालू ठेवायची, हा प्रश्न दिल्लीत नव्हे, थेट तारापूरच्या नियंत्रणकक्षात येऊन उभा राहिला. इंधन पुरवून पुरवून वापरावे लागले. १९८२ साली तोडगा निघाला आणि फ्रान्सने पुढे १९९३ पर्यंत इंधन दिले. त्यानंतर चीनकडून घ्यावे लागले, मग रशियाकडून. मधल्या काळात आपल्या शास्त्रज्ञांनी वापरलेल्या इंधनातून काढलेले प्लुटोनियम मिसळून ‘मॉक्स’ इंधन बनवले आणि ते याच भट्ट्यांत घालून पाहिले. ‘कोणी दिले नाही तर काय?’ या प्रश्नाचे ते आपले पहिले घरचे उत्तर होते.

राजस्थानात रावतभाट्याला हीच गोष्ट दुसऱ्या रूपात झाली. तिथली पहिली भट्टी कॅनडाच्या मदतीने उभी राहिली आणि दुसरीचे काम चालू असताना, १९७४ नंतर, कॅनडाने हात काढून घेतला. उरलेले काम आपल्या अभियंत्यांनी स्वतः पूर्ण केले आणि १९८१ मध्ये तो संच चालू झाला. उशीर झाला, त्रासही झाला, पण ते तंत्र कायमचे आपले झाले. कल्पाक्कम, नरोरा, काक्रापार आणि कैगा इथल्या जड पाण्याच्या (म्हणजे जड हायड्रोजन असलेले पाणी वापरणाऱ्या) भट्ट्या त्याच शिदोरीवर उभ्या आहेत.

तेव्हा फरक असा : तेल रोज लागते, साठवायला अवघड असते आणि त्याला दुसरा पर्याय पटकन उभा करता येत नाही. युरेनियम साठवता येते, वेगवेगळ्या देशांकडून घेता येते आणि वापरून झाल्यावरही त्यातून पुन्हा इंधन काढता येते. मात्र ही तिन्ही कामे आधीच केलेली असली पाहिजेत. दार बंद झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

२००८चा भारत-अमेरिका अणुकरार कशासाठी होता? त्यातून काय मिळाले?

२००७-०८च्या सुमारास आपल्या अणुभट्ट्या निम्म्याच्या आसपास क्षमतेने चालत होत्या. भट्ट्या उत्तम होत्या, माणसे तयार होती आणि युरेनियम नव्हते. इतकी साधी आणि इतकी लाजिरवाणी अडचण होती.

६ सप्टेंबर २००८ रोजी अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला अणुव्यापाराच्या निर्बंधांतून सूट दिली आणि बाहेरचा बाजार उघडला. त्या वाटाघाटींच्या वेळी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर होते. कोणती भट्टी आंतरराष्ट्रीय तपासणीखाली द्यायची आणि कोणती नाही, हा निर्णय आपला राहील, यासाठी त्यांनी धरलेला आग्रह मला आजही मोलाचा वाटतो. नागरी आणि लष्करी केंद्रे वेगळी करण्याच्या २००६च्या आराखड्यात २२ पैकी १४ भट्ट्या तपासणीखाली द्यायचे ठरले. त्यांना आयात युरेनियम चालते. तारापूर ३ व ४, कल्पाक्कमच्या दोन आणि कैगाच्या चार अशा उरलेल्या आठ भट्ट्या देशातल्याच युरेनियमवर चालतात. त्याच आराखड्यात भारताने इंधनाचा राखीव साठा करावा, ही गोष्टही मान्य झाली. तारापूरचा धडा कोणीतरी लक्षात ठेवला होता, असे मी यावरून समजतो.

त्यानंतर कझाकस्तान, रशिया, कॅनडा, उझबेकिस्तान अशा देशांकडून युरेनियम येऊ लागले आणि भट्ट्या पुन्हा जोमाने चालू लागल्या. दुसऱ्या बाजूला, देशी इंधनावरच्या कैगाच्या पहिल्या संचाने मे २०१६ ते डिसेंबर २०१८ अशी सलग ९६२ दिवस वीज दिली. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. जड पाण्याच्या भट्टीत चालू भट्टीतच इंधन बदलता येते, म्हणून हे शक्य झाले.

आपल्याकडे युरेनियमच्या खाणी नाहीत का?

आहेत. झारखंडात जादुगुडा १९६७ पासून चालू आहे आणि आंध्रात तुम्मलपल्ले आहे. अडचण प्रतीची आहे. जादुगुड्याच्या एक टन खनिजातून किलोभरही युरेनियम निघत नाही. कॅनडातल्या सिगार लेक खाणीत टनामागे शंभर किलोहून अधिक निघते. म्हणजे आपले युरेनियम महाग पडणार. तरीही त्या खाणी चालू ठेवायलाच हव्यात, कारण घरची विहीर आटत आली तरी कोणी बुजवत नाही. मात्र तिथल्या आदिवासी वस्त्यांच्या पाण्याची आणि आरोग्याची काळजी घेणे हा त्या युरेनियमच्या किमतीचाच भाग धरला पाहिजे.

आणि थोरियम? लहानपणापासून ऐकतोय की आपल्याकडे थोरियमचा खजिना आहे.

खजिना खरा आहे. केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट नावाचे खनिज सापडते, त्यात थोरियम असते. पण थोरियम ओल्या लाकडासारखे आहे. काडी लावून पेटत नाही, आधी दुसरा जाळ लागतो.

तो जाळ कसा तयार करायचा, हे डॉ. होमी भाभांनी १९५४ मध्येच मांडले होते. पहिल्या टप्प्यात जड पाण्याच्या भट्ट्यांत नैसर्गिक युरेनियम वापरायचे. त्यातून निघालेले प्लुटोनियम दुसऱ्या टप्प्यात वेगवान प्रजनक भट्टीत घालायचे. ही भट्टी जेवढे इंधन खाते त्याहून जास्त तयार करू शकते. त्याच टप्प्यात थोरियमपासून युरेनियम-२३३ बनवायचे आणि तिसऱ्या टप्प्यात त्यावर वीज काढायची. कल्पाक्कमला ‘कामिनी’ नावाची छोटी संशोधन भट्टी युरेनियम-२३३वर चालवून दाखवलेली आहे, म्हणजे ही केवळ कागदावरची कल्पना नाही.

उशीर मात्र फार झाला. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या प्रजनक भट्टीचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले आणि तिचा गाभा भरायला सुरुवात झाली मार्च २०२४ मध्ये. वीस वर्षे! तंत्र अवघड आहे. भट्टीतली उष्णता वाहून नेणारे द्रवरूप सोडियम पाण्याला लागले की पेट घेते आणि ते सांभाळणे सोपे नाही. अमेरिका, फ्रान्स, जपान या देशांनीही या वाटेवर हात टेकले. तरीही आपल्यासाठी हीच वाट सर्वांत महत्त्वाची आहे असे मला वाटते, कारण तिच्या शेवटी असलेल्या इंधनाची चावी दुसऱ्या कोणाच्या हातात नाही.

अणुवीज वाढली तर पेट्रोल स्वस्त होईल का?

नाही. पेट्रोल गाड्यांत जाते, अणुवीज तारांत जाते. गाड्या, बस आणि कारखान्यांच्या भट्ट्या विजेवर आल्या तर तेलाची आयात कमी होईल, पण तो वेगळा आणि लांबचा प्रवास आहे.

आपल्याकडे ऊन एवढे पडते. मग सौरऊर्जाच का नको?

सौरऊर्जा हवीच, आणि वेगाने हवी. दिवसा सर्वांत स्वस्त वीज आज तीच देते आणि सूर्यावर कोणी निर्बंध घालू शकत नाही. पण ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॉटवर (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट) गेली होती, आणि अशा दिवसांत संध्याकाळी सातनंतर पंखे, कूलर, एसी बंद होत नाहीत. सौर पॅनेल मात्र झोपलेले असते. जुलैत कोकणात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. बॅटऱ्या स्वस्त होत आहेत, त्या रात्रीचे काही तास भरून काढतील, आठवडा नाही. शिवाय पॅनेल आणि बॅटऱ्यांचा बराचसा माल एकाच देशातून, चीनमधून येतो. तीही एक चावीच झाली.

रात्रंदिवस एकसारखी वीज आज कोळसा देतो, थोडी जलविद्युत देते आणि थोडी अणुवीज. कोळसा हळूहळू मागे घ्यायचा असेल तर त्याच्या जागी सौरऊर्जेबरोबर काहीतरी ठाम उभे राहायला हवे. अणुवीज आणि सौरऊर्जा यांच्यात भांडण लावणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, की भाकरी आणि कालवण यांत निवड कोण करते?

फ्रान्सने कसे जमवले?

१९७३च्या तेलसंकटाने फ्रान्सला जाग आली. पुढच्या वर्षी पंतप्रधान मेसमेर यांनी अणुभट्ट्यांचा मोठा कार्यक्रम जाहीर केला आणि एकाच धाटणीच्या भट्ट्या एकामागून एक उभ्या राहिल्या. आज त्या देशाची सुमारे दोन-तृतीयांश वीज अणुभट्ट्यांतून येते.

पण २०२२ सालही सांगायला हवे. अनेक भट्ट्यांच्या पाइपांत गंजाने तडे आढळले. जवळपास निम्म्या भट्ट्या एकाच वेळी बंद होत्या आणि एरवी शेजाऱ्यांना वीज विकणाऱ्या फ्रान्सला त्या वर्षी ती विकत घ्यावी लागली. एकसारख्या भट्ट्यांचा दोषही एकसारखाच निघतो. सगळे एकाच टोपलीत ठेवू नये, हे अणुविजेलाही लागू आहे.

फुकुशिमासारखे इथे झाले तर?

जपानच्या फुकुशिमात ११ मार्च २०११ रोजी भूकंप होताच भट्ट्या बंद पडल्या होत्या. पण बंद भट्टीही बराच काळ तापत राहते, तिला पाणी लागते. त्सुनामीच्या पाण्याने डिझेल जनित्रे बुडाली, पंप थांबले आणि अनर्थ झाला. म्हणून भट्टीच्या सुरक्षेत मुख्य प्रश्न असतो तो वीज गेल्यावर पाणी कसे पोहोचवायचे हा.

याची परीक्षा भारतात दोनदा झाली आहे. ३१ मार्च १९९३ रोजी नरोऱ्यात टर्बाइनला आग लागली, केबल जळाल्या आणि केंद्र सुमारे सतरा तास अंधारात गेले. तिथल्या कर्मचाऱ्यांनी अंधारातच भट्टी बंद राहील याची खात्री केली आणि आगीसाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी पाणी पोहोचवले. बाहेर किरणोत्सार गेला नाही. त्या रात्रीच्या माणसांचे आपण पुरेसे ऋण मानत नाही, असे मला नेहमी वाटते. दुसरी परीक्षा २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीची. कल्पाक्कमच्या पंपघरात समुद्राचे पाणी शिरले आणि चालू संच सुखरूप बंद केला गेला.

धोका शून्य आहे असे मी कधीच म्हणणार नाही. नियमन करणारी संस्था सरकारी दबावापासून जितकी स्वतंत्र, तितका धोका कमी. या बाबतीत आपल्याला अजून बरेच करायचे आहे.

युद्ध झाले तर अणुकेंद्र हेच लक्ष्य होणार नाही का?

भीती खोटी नाही. मार्च २०२२ मध्ये रशियन सैन्याने युक्रेनचे झापोरिझ्झिया केंद्र ताब्यात घेतले. भारत आणि पाकिस्तान यांच्यात मात्र ३१ डिसेंबर १९८८चा करार आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असे त्यात ठरले आहे आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. संबंध कितीही ताणलेले असले तरी ही देवाणघेवाण थांबलेली नाही. आता संगणकातून होणाऱ्या हल्ल्यांचीही काळजी करायला हवी. २०१९ मध्ये कुडनकुलमच्या कार्यालयीन संगणकजाळ्यात घातक सॉफ्टवेअर सापडले होते. भट्टीचे नियंत्रण त्यापासून वेगळे होते, म्हणून बचावलो.

कचऱ्याचे काय करतात?

वापरलेले इंधन आपण फेकत नाही, त्यातून युरेनियम आणि प्लुटोनियम परत काढतो. उरलेला अतिकिरणोत्सारी भाग काचेत वितळवून पोलादी डब्यांत बंद केला जातो. हे काम तारापूरला आणि तुर्भ्यालाही होते. डबे निवेपर्यंत अनेक दशके देखरेखीखाली राहतात. कायमस्वरूपी खोल भूगर्भात पुरण्याची जागा भारताने अजून उभारलेली नाही. आकारमान थोडे आहे, म्हणून घाई नाही असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. पुढच्या पिढ्यांवर टाकलेले काम आपल्याच पिढीने सुरू केले पाहिजे.

जैतापूरला तुमचा पाठिंबा आहे का?

आहे तसा नाही. राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या सड्यावर प्रत्येकी १,७३० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण १०,३८० मेगावॉट, अशी ही योजना आहे. पूर्ण झाली तर जगातले सर्वांत मोठे अणुवीज केंद्र. पण याच बनावटीची फ्रान्समधली फ्लामनव्हिलची भट्टी २००७ मध्ये बांधायला घेतली आणि वीजजाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला. ती भट्टी संवर्धित युरेनियमवर चालते, म्हणजे इंधनासाठी पुन्हा दुसऱ्याच्या दारात. तारापूरच्या पहिल्या दोन संचांची तीच गोष्ट, कितीतरी पट मोठ्या आकारात.

माझे मत : आधी आपल्या ७०० मेगावॉटच्या देशी भट्ट्या. काक्रापारचा पहिला असा संच २०२३ मध्ये आणि दुसरा २०२४ मध्ये व्यापारी तत्त्वावर चालू झाला. २०१७ मध्ये सरकारने अशा दहा भट्ट्या एकदम मंजूर केल्या. एकाच आराखड्याच्या दहा भट्ट्यांचे सुटे भाग इथल्याच कारखान्यांत बनतील, तेव्हा कोणी हात काढून घेतला तरी काम थांबणार नाही.

आणि जैतापूरजवळच्या साखरी नाट्याचे मच्छीमार. भट्ट्यांतून समुद्रात सोडलेल्या कोमट पाण्याने मासळी दूर जाईल, ही त्यांची शंका अडाणीपणाची नाही, रोजीरोटीची आहे. एप्रिल २०११ मध्ये तिथे आंदोलनावर गोळीबार झाला आणि एका मच्छीमाराचा जीव गेला. त्यानंतर पत्रके वाटून विश्वास परत मिळेल असे मानणे चुकीचे आहे.

आमची गावे गेली, आम्हाला काय मिळाले?

तारापूर ३ आणि ४ या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवली गेली. हा प्रश्न सभेत येतो तेव्हा माझ्याकडे समाधानकारक उत्तर नसते आणि मी तसे सांगतो. समुद्रावर जगणाऱ्या माणसाला पक्के घर दिले तरी किनारा दिला नाही तर त्याचे पुनर्वसन झाले असे म्हणता येत नाही. त्यांचा लढा न्यायालयात जाऊन पोहोचला आणि वर्षानुवर्षे चालला.

ऊर्जासुरक्षेच्या चर्चेत हा विषय ‘सामाजिक बाजू’ म्हणून शेवटी येतो. मी तो मधोमध ठेवतो. पोफरणच्या लोकांना काय मिळाले, हे माडबनच्या लोकांनी जाऊन पाहिले आहे. पुनर्वसन नीट झाले असते तर पुढच्या केंद्रासाठी जागा मिळवणे इतके अवघड झाले नसते. इंधनाचा साठा परदेशातून विकत आणता येतो, शेजाऱ्यांचा विश्वास आणता येत नाही.

१०० गिगावॉटचे लक्ष्य खरे मानायचे का?

२०२५च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज असे लक्ष्य ठेवले गेले. त्या वर्षी देशाची क्षमता होती सुमारे ८.८ गिगावॉट, आणि देशाच्या विजेत अणुविजेचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास. बावीस वर्षांत अकरापट. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा करून खासगी कंपन्यांसाठी हे क्षेत्र उघडले. भांडवल येईल, हे चांगले. पण अपघात झाल्यास भरपाई कोणी आणि किती द्यायची, हा प्रश्न भोपाळ पाहिलेल्या देशाने सैल सोडू नये. १०० नाही, ५० गिगावॉट जरी देशी तंत्राने आणि देशी साठ्यासह उभे राहिले तरी मी समाधानी असेन.

मला यात काम करायचे आहे. बारावीनंतर कुठे जाऊ?

अभियांत्रिकी किंवा भौतिकशास्त्र-रसायनशास्त्रात पदवी घे आणि मग तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेची परीक्षा दे. ती शाळा १९५७ पासून चालू आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा केला असेल तरी वाट आहे. वेल्डर, फिटर, विजेचे काम जाणणारे यांच्याशिवाय एकही भट्टी चालत नाही. रायगड जिल्ह्यात थळला जड पाण्याचा कारखाना आहे, इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला भट्ट्यांचे अवजड भाग बनतात. आणि तारापूर तर घराजवळच आहे. भरतीच्या जाहिराती निघाल्या की गावातल्या दोघा-तिघांनी मिळून अर्ज भरा, एकमेकांचे कागद तपासा. जातीचा दाखला आणि प्रकल्पग्रस्त असल्याचा दाखला आधीच काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात ते मिळत नाहीत.